एपीटी आणि हाताने टाकलेलं सॉफ्टवेअर: दोघांना एकाच मशीनवर नांदवायचं कसं

नाशिकमध्ये अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये, कॉलेज रोडवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर आणि गावातल्या छोट्या ऑफिसांत आता उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम बऱ्यापैकी दिसते. सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत चालतं, कारण जे लागतं ते एपीटी, म्हणजे उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन, आणून देतं. मग एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी असते, एपीटीकडे जुनीच असते, आणि कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेलं असतं की सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) उतरवा, 'सुडो मेक इन्स्टॉल' करा (सुडो म्हणजे मशीनचे पूर्ण अधिकार घेऊन कमांड चालवणं), झालं. आणि खरंच होतं. त्रास त्या दिवशी होतच नाही. तो होतो पुढच्या मोठ्या अपडेटला, जेव्हा एक प्रोग्राम उघडत नाही, दुसरा विचित्र एरर देतो, आणि कुठली फाइल कुणी आणून ठेवली हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

हाताने सॉफ्टवेअर टाकू नका, असं मी म्हणणार नाही. कामाला लागतं ते टाकावंच लागतं. पण टाकण्याआधी ते काढायचं कसं हे ठरलेलं हवं. काढायची वाट माहीत नसेल तर टाकायचं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका नियमातून येतात.

पायऱ्या उबुंटू २४.०४ धरून लिहिल्या आहेत; डेबियन आणि लिनक्स मिंटवरही जवळपास तशाच चालतात. कमांड आणि फोल्डरची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, ती रोमन लिपीतच टाइप करायची. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

फाइल कुणाची, ते आधी बघा

एपीटीच्या खाली डीपीकेजी नावाचा कारभारी असतो. त्याने मशीनवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद /व्हार/लिब/डीपीकेजी या फोल्डरमध्ये असते: कुठली फाइल, कुठल्या पॅकेजची (पॅकेज म्हणजे एपीटीने बसवायचा प्रोग्रामचा तयार गठ्ठा). जमिनीला जसा सातबारा, तशी ही नोंद. कुठल्याही फाइलचा मालक विचारायचा तर:

डीपीकेजी -एस /यूएसआर/बिन/पायथन३

यातला एस मोठा. उत्तर येतं की ही फाइल 'पायथन३-मिनिमल' या पॅकेजची आहे. उलट बाजूने, एका पॅकेजने काय काय ठेवलं ते बघायला 'डीपीकेजी -एल' आणि पुढे पॅकेजचं नाव. हा एलही मोठाच. या दोन कमांड आजच चार-पाच फाइलींवर चालवून बघा, हात बसला पाहिजे. जुन्या आवृत्त्यांवर एक गोष्ट गोंधळात टाकते. उबुंटू २२.०४ किंवा डेबियन १२ वर /यूएसआर/बिन/एलएस बद्दल विचारलं तर मालक सापडत नाही, कारण नोंद /बिन/एलएस या नावावर आहे. म्हणून 'सापडलं नाही' असं उत्तर आलं की पुढचं /यूएसआर काढून एकदा पुन्हा विचारा, मगच फाइल बेवारस समजा.

आता हद्द. /यूएसआर/बिन, /यूएसआर/लिब, /यूएसआर/शेअर हे सगळं डीपीकेजीचं. तिथे आपण हाताने एकही फाइल ठेवायची नाही, तिथली बदलायची नाही, पुसायची नाही. आपण ठेवली तर पुढच्या अपडेटला डीपीकेजी ती न विचारता पुसून स्वतःची ठेवू शकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आपल्यासाठी दोन जागा राखून ठेवलेल्या आहेत: /यूएसआर/लोकल आणि /ऑप्ट. लिनक्सच्या फोल्डररचनेचं जे प्रमाण आहे, ज्याची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये आली, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. डेबियनच्या धोरणातही पॅकेजने /यूएसआर/लोकल मध्ये फाइल ठेवायची नाही असा नियम आहे. म्हणजे तिथे जे काही असेल ते आपणच ठेवलेलं. एकट्याच्या वापराचं असेल तर तिसरी जागा स्वतःच्या होम फोल्डरमधली ~/.लोकल. तिथे सुडो लागत नाही, म्हणून नवख्याने शक्य तिथे तीच वापरावी.

खरंच हाताने टाकायची गरज आहे का

कामाच्या घाईत ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मी कामं इथेच संपतात. आधी विचारा, उदाहरणार्थ फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रामबद्दल:

एपीटी पॉलिसी फ्रीकॅड

सध्या बसलेली आवृत्ती कोणती आणि एपीटी कोणती देऊ शकतो, दोन्ही दिसतात. मिळतेय ती आवृत्ती तुमच्या कामाला पुरते का? 'नवी आहे म्हणून हवी' हे कारण पुरेसं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं उघड झालं. डेबियनच्या स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्तीत त्या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. ताजा सोर्स त्याच दिवशी उतरवून घेणाऱ्यांच्या मशीनवर मात्र त्या बसल्या असण्याची शक्यता होती. डेबियन-उबुंटूसारख्या वितरणाचं सावकाश चालणं कधी कधी आपल्या भल्याचं असतं.

पुरत नसेल तर मी या क्रमाने शोधतो. डेबियनवर असाल तर बॅकपोर्ट्स, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजं. मग त्या प्रकल्पाची स्वतःची एपीटी रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार. क्यूजीआयएससारखे प्रकल्प ती देतात, आणि निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांचे नकाशे करणाऱ्यांना ती सोयीची पडते. मग फ्लॅटपॅक, म्हणजे एपीटीपासून वेगळं राहणारं पॅकेज. मग तयार ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये मावलेला प्रोग्राम) किंवा टार फाइल (फाइलींचं गाठोडं). सगळ्यात शेवटी सोर्समधून बांधणं. जितकं खाली उतराल तितकी देखभालीची जबाबदारी तुमच्या अंगावर येते.

बाहेरची रेपॉझिटरी जोडताना एक भान ठेवा: तिच्या मालकाला तुम्ही तुमच्या मशीनवर रूटचा, म्हणजे सर्वेसर्वा वापरकर्त्याचा, अधिकार देत असता. तिची सही तपासायची किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवून, रेपॉझिटरीचा पत्ता असलेल्या ओळीत 'साइन्ड-बाय' ने तिच्याशीच बांधा. जुन्या लेखांत दिसणारी 'एपीटी-की' ही कमांड आता मोडीत निघाली आहे. सुटी डेब फाइल (एकट्या पॅकेजची फाइल) असेल तर 'डीपीकेजी -आय' करू नका, ती आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन हे करा:

सुडो एपीटी इन्स्टॉल ./फाइलचंनाव.डेब

पुढचं ठिपका-स्लॅश महत्त्वाचं आहे. त्यामुळे एपीटी ती फाइल इथलीच आहे हे ओळखतो आणि तिला लागणारी बाकीची पॅकेजंही आणतो. कुठल्याच रेपॉझिटरीत नसलेली अशी पॅकेजं नंतर शोधायला एपीटी लिस्ट '~ओ' ही कमांड आहे. त्या यादीतल्या एकालाही आपोआप अपडेट येणार नाही, हे लक्षात ठेवा.

सोर्समधून बांधायचं तर स्टो वापरा

सरळ 'सुडो मेक इन्स्टॉल' केल्यावर फाइली /यूएसआर/लोकलच्या बिन, लिब, शेअर, मॅन अशा फोल्डरमध्ये विखुरतात. दहा प्रोग्राम टाकलेत की कुठली फाइल कुणाची हे सांगणं अशक्य. 'मेक अनइन्स्टॉल' सगळेच प्रकल्प देतात असं नाही, आणि दिलं तरी तोच सोर्स आणि तीच सेटिंग जपून ठेवलेली असावी लागते.

यावर मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे ग्नू स्टो. प्रत्येक प्रोग्राम आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो आणि स्टो तिथून /यूएसआर/लोकल मध्ये फक्त सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नावं, करतो. सिमलिंक काढल्या की प्रोग्राम गेला. स्टोला स्वतःचा डेटाबेस नाही, त्यामुळे बिघडायलाही काही नाही. एखादी लिंक कुणाची आहे ते 'एलएस -एल' केलं की समोर दिसतं.

सरावासाठी ग्नू हॅलो घ्या. हा प्रोग्राम एक अभिवादन छापतो, एवढंच त्याचं काम. तो मुळात शिकण्यासाठीच आहे. उबुंटूमध्ये त्याची २.१० आवृत्ती आहे आणि ग्नूच्या साइटवर २.१२.१ मिळते. म्हणजे एकाच नावाचे दोन प्रोग्राम शेजारी-शेजारी कसे राहतात तेही बघता येईल. आधी तयारी:

सुडो एपीटी इन्स्टॉल हॅलो स्टो बिल्ड-इसेन्शियल
सुडो एमकेडीआयआर -पी /यूएसआर/लोकल/स्टो

सोर्सची टार फाइल आणि तिच्याबरोबरची सही, दोन्ही उतरवा. सही जीपीजी या साधनाने तपासा. ज्या प्रकल्पात सही नसते तिथे निदान साइटवर दिलेली एसएचए२५६ बेरीज 'एसएचए२५६सम' ने ताडून बघा. मग आपल्या होम फोल्डरमध्येच, सुडो न लावता:

टार एक्सएफ हॅलो-२.१२.१.टार.जीझेड
सीडी हॅलो-२.१२.१
./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल
मेक

बांधणी कधीही रूट म्हणून करू नका. 'कॉन्फिगर' आणि 'मेक' ही परक्याने लिहिलेली स्क्रिप्ट असते, तिला सगळ्या मशीनचे अधिकार द्यायचं कारण नाही. सुडो लागतो तो फक्त शेवटच्या पायरीला:

सुडो मेक इन्स्टॉल प्रीफिक्स=/यूएसआर/लोकल/स्टो/हॅलो-२.१२.१

इथे दोनदा दोन वेगळे प्रीफिक्स दिले आहेत ते नजरचुकीने नव्हे. प्रोग्रामला सांगितलं की तुझं घर /यूएसआर/लोकल. फाइली मात्र ठेवल्या स्टोच्या खोलीत. लिंक झाल्यावर प्रोग्राम आपल्या फाइली /यूएसआर/लोकल मध्ये शोधतो आणि त्या तिथे दिसतात. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा आकडा हवाच, पुढे त्याचाच उपयोग होतो.

आता लिंक करायच्या. आधी कोरडी चाचणी, मग खरं काम:

सीडी /यूएसआर/लोकल/स्टो
सुडो स्टो -एन -व्ही हॅलो-२.१२.१
सुडो स्टो हॅलो-२.१२.१

पहिल्या स्टो कमांडमधला 'एन' म्हणजे नुसतं दाखव, करू नकोस. तिथे आधीपासून दुसरी कुठली खरी फाइल असेल तर स्टो ती पुसत नाही, तक्रार करून थांबतो. ही तक्रार म्हणजे मदतच आहे. ती दाबून पुढे जायचं नाही, ती फाइल कुणाची ते आधी शोधायचं. एक तक्रार मात्र हमखास येते आणि नवखे तिथे अडकतात: दुसरा किंवा तिसरा प्रोग्राम लिंक करताना 'शेअर/इन्फो/डीआयआर' या फाइलवरून भांडण होतं. ती इन्फो पानांची अनुक्रमणिका असते आणि प्रत्येक प्रोग्राम आपापली एक बनवून ठेवतो. नव्या प्रोग्रामच्या स्टो फोल्डरमधली ती एक फाइल काढून टाका आणि पुन्हा स्टो चालवा. काही बिघडत नाही.

झालं का, ते बघा:

टाइप -ए हॅलो

तीन ओळी येतील. वर /यूएसआर/लोकल/बिन/हॅलो, खाली /यूएसआर/बिन/हॅलो आणि /बिन/हॅलो; खालच्या दोन्ही म्हणजे उबुंटूची एकच फाइल. उबुंटूच्या पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, /यूएसआर/लोकल/बिन आधी येतं, म्हणून नुसतं 'हॅलो' म्हटलं की तुमचा चालतो. जुनाच चालताना दिसला तर बॅशने (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. 'हॅश -आर' करा, विसरेल.

काढायचं तर त्याच फोल्डरमध्ये उभं राहून 'सुडो स्टो -डी हॅलो-२.१२.१', यातला डी मोठा. लगेच 'टाइप -ए हॅलो' करा: आता फक्त उबुंटूचा उरला. स्टोने लिंक तेवढ्या काढल्या, मूळ फोल्डर जागेवर आहे, परत हवा तर परत लावता येतो. नवी आवृत्ती आली की ती स्वतःच्या फोल्डरमध्ये बांधायची, जुनीचं '-डी', नवीचं स्टो. नवी नीट चालली नाही तर उलटं करायचं. मागे यायला मिनिट लागत नाही, आणि ज्याचं रोजचं काम त्या प्रोग्रामवर अडलेलं असतं त्याला या एका मिनिटाची किंमत कळते.

पाथ सगळीकडे सारखा नसतो

टर्मिनलवर चाललं म्हणजे क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनात, चालेल असं नाही. क्रॉनचा स्वतःचा पाथ फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. लासलगावकडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात रात्रीचा बॅकअप हाताने टाकलेल्या साधनाने घ्यायचा होता. टर्मिनलवरून घेतला की व्यवस्थित, रात्री मात्र काहीच नाही. क्रॉनला ते साधन सापडतच नव्हतं. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ता लिहिला, /यूएसआर/लोकल/बिन पासून, आणि प्रश्न मिटला. क्रॉनमधून किंवा सिस्टीमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममधून चालणाऱ्या कामात नेहमी पूर्ण पत्ता लिहा. सिस्टीमडीसाठी स्वतः लिहिलेली सर्व्हिस फाइल /ईटीसी/सिस्टीमडी/सिस्टीम मध्ये ठेवा. /यूएसआर/लिब मधली जागा पॅकेजांची आहे.

लायब्ररी: इथे खरा धोका

हॅलोसारखा प्रोग्राम चुकला तर तो एकटा चुकतो. लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड, चुकली तर तिच्यावर उभे असलेले सगळे चुकतात. म्हणून या भागावर थोडं थांबूया.

प्रोग्राम चालू होताना लागणाऱ्या लायब्ररी कुठे आहेत हे एका तयार यादीतून बघितलं जातं, आणि ती यादी 'एलडीकॉन्फिग' बनवतो. कुठले फोल्डर बघायचे ते /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या फाइली सांगतात, आणि त्या नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. उबुंटूत /यूएसआर/लोकल/लिब चं नाव 'लिबसी.कॉन्फ' मध्ये असतं आणि सिस्टीमच्या मुख्य फोल्डरचं नाव 'एक्स८६' पासून सुरू होणाऱ्या फाइलमध्ये. एल आधी, एक्स नंतर. परिणाम असा, की तुम्ही /यूएसआर/लोकल/लिब मध्ये कर्लची (नेटवरून फाइली आणणाऱ्या साधनाची) किंवा ओपनएसएसएलची (एन्क्रिप्शनची) लायब्ररी ठेवली आणि तिचं नाव सिस्टीमच्या लायब्ररीसारखंच असलं, तर उबुंटूचे स्वतःचे प्रोग्रामही तुमचीच उचलतात. त्यांना ती नको असते, ते तिच्यावर तपासलेले नसतात. एरवी व्यवस्थित चालणारा कर्ल मग 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' अशी कुरकुर करतो, आणि त्या ओळीत /यूएसआर/लोकल/लिब चा पत्ता दिसतो. असा पत्ता दिसला की दुसरीकडे शोधत बसू नका, कारण तेच आहे. खात्री करायला:

एलडीडी /यूएसआर/बिन/कर्ल

/यूएसआर/बिन मधल्या प्रोग्रामच्या यादीत /यूएसआर/लोकल आलं, तर हद्द मोडलेली आहे. त्या लायब्ररीचं 'स्टो -डी' करा आणि 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवा. यादी नव्याने बनते.

माझा सल्ला: लायब्ररी /यूएसआर/लोकल मध्ये लिंक करूच नका, जोवर तिचं नाव सिस्टीममध्ये कुठेच नाही याची खात्री नाही. 'एलडीकॉन्फिग -पी' ची यादी ग्रेपने चाळून ती आधी बघा. एका प्रोग्रामला नवी लायब्ररी लागत असेल तर दोघांना मिळून /ऑप्ट मध्ये एकत्र ठेवा आणि बांधतानाच त्या प्रोग्रामला तिचा पत्ता द्या. एलडी लायब्ररी पाथ हा व्हेरिएबल बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो घेऊ नका, तो सगळ्याच प्रोग्रामना लागू होतो.

तयार मिळणाऱ्या मोठ्या प्रोग्रामसाठी /ऑप्ट

अंबडच्या वर्कशॉपमध्ये फ्रीकॅडची विचारणा वारंवार होते. उबुंटू २४.०४ मध्ये ०.२१ ची मालिका आहे, आणि १.० आवृत्ती आली नोव्हेंबर २०२४ मध्ये. हे सोर्समधून बांधण्यात शहाणपण नाही, प्रकल्प स्वतः ॲपइमेज देतो. ती 'डाउनलोड्स' मध्ये ठेवून दोनदा क्लिक करायची सवय मात्र सोडा. कुणीतरी डाउनलोड्स साफ करतं आणि प्रोग्राम जातो.

/ऑप्ट/फ्रीकॅड/१.० असा फोल्डर करा, फाइल तिथे ठेवा, 'सीएचमॉड' ने तिला चालवण्याची परवानगी द्या. मग /यूएसआर/लोकल/बिन मध्ये 'फ्रीकॅड१' नावाची सिमलिंक करा. मुद्दाम 'फ्रीकॅड' असं नाव दिलं नाही, कारण एपीटीचाही फ्रीकॅड मशीनवर असेल तर ऑपरेटरला आपण कुठला उघडतोय ते नावावरूनच कळलं पाहिजे. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं ड्रॉइंग जुन्या आवृत्तीत नीट उघडेलच याचा भरवसा नसतो. चालू जॉबची ड्रॉइंग आधी कॉपी करा, मग नव्यात उघडा. मेनूत दिसण्यासाठी डेस्कटॉप फाइल /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये टाका. काही ॲपइमेजना जुनी फ्यूज लायब्ररी लागते, २४.०४ वर तिचं पॅकेज 'लिबफ्यूज२टी६४' या नावाने आहे. एपीटीने टाका, आणि ते कशासाठी टाकलं हे लिहून ठेवा.

पायथनचं काय

विद्यार्थ्यांकडून सगळ्यात जास्त प्रश्न याचे येतात. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पायथनची पॅकेजं आणणाऱ्या पिपने सिस्टीमच्या पायथनवर 'पिप इन्स्टॉल' केलं की तो नकार देतो आणि हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातं असं सांगतो. तो नकार मोडायचा पर्यायही एररमध्येच लिहिलेला असतो, त्यात 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस' असे शब्द आहेत. शब्द खरे आहेत. तो वापरू नका. उबुंटूची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल, ॲड-एपीटी-रेपॉझिटरी, आपोआप अपडेट करणारं साधन, ही सगळी त्याच पायथनवर चालतात.

प्रोजेक्टसाठी प्रत्येक वेळी वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे पायथनच्या पॅकेजांचा स्वतंत्र फोल्डर:

पायथन३ -एम व्हेन्व्ह ~/प्रोजेक्ट/व्हेन्व्ह

आणि पायथनमध्ये लिहिलेलं एखादं तयार साधन हवं असेल तर पिपएक्स, जो प्रत्येक साधनाला वेगळं व्हेन्व्ह देतो. दोन्ही काढायला सोपे: पहिल्यात फोल्डर पुसायचा, दुसऱ्यात 'पिपएक्स अनइन्स्टॉल'. पायथनचीच नवी आवृत्ती बांधायची वेळ आली तर 'मेक इन्स्टॉल' ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' करा. मग फक्त आकड्यासकट नाव तयार होतं आणि 'पायथन३' या नावाला धक्का लागत नाही. /यूएसआर/बिन/पायथन३ ची लिंक दुसरीकडे वळवण्याचे प्रयोग अजिबात नकोत.

नोंदवही

एपीटीची नोंद एपीटी ठेवतो. तुमची तुम्ही ठेवायची. /यूएसआर/लोकल मध्येच एक साधी मजकूर फाइल पुरते. मी ठेवतो त्या नोंदीचा नमुना असा:

हॅलो २.१२.१. ग्नूच्या साइटवरून, सही तपासली. कॉन्फिगरला फक्त प्रीफिक्स दिला. जादा पॅकेजं नाहीत. कशासाठी: सराव. काढायचं: स्टो -डी, मग स्टोमधला फोल्डर पुसा.

'कशासाठी' ही जागा रिकामी सोडू नका. ऑफिसातला माणूस बदलतो, कॉलेजच्या लॅबमधली बॅच बदलते, आणि कारण न कळल्यामुळे नंतरचा माणूस त्या फाइलला हात लावायला घाबरतो. लागलेली जादा पॅकेजंही जरूर लिहा. ती तुम्ही नाव घेऊन टाकलेली नसतील, दुसऱ्या कशाबरोबर आपसूक आलेली असतील, तर एखाद्या दिवशी 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ती उचलून नेईल, कारण तुमचा प्रोग्राम त्यांच्यावर उभा आहे हे एपीटीला ठाऊकच नाही. अशा पॅकेजला 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' आणि त्याचं नाव, असं करून ठेवा.

हाताने टाकलेल्या प्रोग्रामला सुरक्षेचं अपडेट आपोआप येत नाही. जो प्रोग्राम नेटवर्कवरून बाहेरच्यांचं ऐकतो, वेब सर्व्हर, डेटाबेस, एसएसएच असलं काही, तो हाताने टाकायचा असेल तर त्याच्या घोषणा नियमित वाचणारा माणूस नेमलेला हवा. असा माणूस नसेल तर एपीटीचीच आवृत्ती वापरा, जुनी असली तरी.

मोठं अपडेट करण्याआधी आणि नंतर

उबुंटूच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना बाहेरच्या रेपॉझिटरी बंद केल्या जातात. नंतर त्या एकेक करून बघून चालू कराव्या लागतात. हाताने बांधलेले प्रोग्राम जागेवर राहतात, पण खालच्या लायब्ररी बदलतात. अपडेट झाल्यावर हे दोन तपास करा:

एलडीडी /यूएसआर/लोकल/बिन/* | लेस
फाइंड /यूएसआर/लोकल -एक्सटाइप एल

पहिल्यात 'नॉट फाउंड' शोधा. तसा दिसलेला प्रोग्राम नव्याने बांधावा लागेल, आणि त्यासाठीच नोंदवहीत कॉन्फिगरची ओळ जपलेली आहे. दुसरी कमांड तुटक्या लिंक दाखवते. पुष्कळदा असंही दिसतं की ज्या नव्या आवृत्तीसाठी एवढा खटाटोप केला ती आता एपीटीकडेच आली आहे. मग हातची काढून टाका. ती तशीच राहिली तर पाथमध्ये पुढे असल्यामुळे तीच चालत राहते आणि एपीटीची नवी, सांभाळली जाणारी आवृत्ती मागे पडून राहते.

आधीच पसारा झालेला असेल तर

दुसऱ्याने वापरलेलं मशीन हातात आलं की /यूएसआर/लोकल मध्ये अनोळखी फाइली दिसतातच. एकदम पुसायला घेऊ नका. आधी सिस्टीमच्या हद्दीत काही बदललंय का ते बघा:

सुडो डीपीकेजी --व्हेरिफाय

ज्या ओळीत सी हे अक्षर आहे ती सेटिंगची फाइल, ती कुणीतरी हेतूने बदललेली असू शकते. बाकीच्या ओळीत पाचाचा आकडा दिसला तर त्या फाइलीचा मजकूर पॅकेजमधल्या मूळ मजकुराशी जुळत नाही. 'डीपीकेजी -एस' ने मालक शोधा आणि 'सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' करून ते पॅकेज पुन्हा बसवा.

मग /यूएसआर/लोकल कडे वळा. सीमेक या बांधणीच्या साधनाने बांधलेला प्रोग्राम असेल आणि त्याचा बिल्ड फोल्डर सापडला, तर त्यात 'इन्स्टॉल मॅनिफेस्ट' नावाची मजकूर फाइल असते, तीत ठेवलेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता आहे. ते नसेल तर त्याच आवृत्तीचा सोर्स उतरवून बांधा आणि खोट्या मुळाखाली बसवा:

मेक इन्स्टॉल डेस्टडीआयआर=/टीएमपी/यादी

यात डेस्टडीआयआर मोठ्या अक्षरांत. आता /टीएमपी/यादी खाली जे दिसेल तीच /यूएसआर/लोकल मधल्या त्या प्रोग्रामच्या फाइलींची यादी. ती समोर ठेवून एकेक काढा. यातलं काहीच जमत नसेल, तर अनोळखी फाइली न पुसता त्याच फोल्डररचनेसकट /रूट/जुनं मध्ये हलवा, 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवा, नोंदवहीत तारीख टाका आणि मशीन रोजच्या कामाला लावा. महिना-दीड महिन्यात कशाचीच उणीव भासली नाही तर तो फोल्डर पुसून टाका.